उणे ८० अंशांचं बिल
महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठांच्या कुलगुरूंना खुलं पत्र

मा. कुलगुरू महोदय / महोदया,



दरवर्षी १४ डिसेंबरच्या राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिनाच्या आगेमागे विद्यापीठांमधून एक परिपत्रक निघतं. खोली सोडताना दिवे-पंखे बंद करावेत, एसी २४ अंशांवर ठेवावा, शक्यतो जिन्याचा वापर करावा. विभागप्रमुख त्यावर ‘सर्व संबंधितांच्या माहितीसाठी’ असा शेरा मारतात आणि शिपाई ते फलकावर टाचतो. त्याच भिंतीपलीकडे तीन फ्रीझर, दोन ओव्हन आणि एक फ्यूम हूड रात्रंदिवस घरघरत असतात. त्यांच्याबद्दल परिपत्रकात अवाक्षर नसतं.

मी विज्ञान विभागात प्रयोगशाळा सहायक होतो, आता निवृत्त आहे. दिवे-पंखे बंद करायलाच हवेत, त्याबद्दल वाद नाही. पण संशोधनाच्या प्रयोगशाळेत वीज नेमकी कुठे जाते हे ज्यानं पाहिलंय, त्याला ते परिपत्रक वाचून हसू येतं. हार्वर्ड विद्यापीठानं आपला हिशेब मांडला तेव्हा प्रयोगशाळांची जागा एकूण जागेच्या पाचव्या हिश्शाएवढी आणि ऊर्जेतला त्यांचा वाटा चाळीस टक्क्यांहून जास्त निघाला. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी असा हिशेब होऊच शकत नाही. सगळ्या आवाराचं बिल वित्त विभागात येतं आणि तिथूनच परस्पर भरलं जातं. प्राध्यापकांना ते दिसत नाही, संशोधक विद्यार्थ्यांना दिसत नाही, सहायकाला दिसण्याचा तर प्रश्नच नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं: प्रयोगशाळेत वीज वाया जाते ती निष्काळजीपणापेक्षा बेवारसपणामुळे. यंत्राला धनी नाही आणि बिलाला वाचक नाही. या दोन्ही गोष्टी विद्यार्थ्यांना उपदेश करून बदलणार नाहीत. आपल्या सहीनं मात्र बदलतील.

सुरुवात ‘मायनस एटी’पासून करतो, कारण जीवशास्त्राच्या कुठल्याही विभागात सगळ्यात मुकाट्यानं वीज खाणारं यंत्र तेच. उणे ८० अंश सेल्सिअसला नमुने ठेवणारा हा उभा फ्रीझर जुना झाला की दिवसाला २० युनिटच्या आसपास वीज घेतो. वर्षाचे झाले ७,३०० युनिट. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या सहा कुटुंबांची वर्षभराची वीज एका कपाटात गेली. युनिटला दहा रुपये धरले तर ७३ हजार रुपये. आपल्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्या हिशेबानं एका फ्रीझरमागे वर्षाला पाच टन. औष्णिक वीजकेंद्राच्या धुरातल्या चंद्रपूरच्या हवेवर प्रबंध लिहिणारा विद्यार्थीसुद्धा आपले नमुने त्यातच ठेवतो, हा भाग वेगळा.

गोष्ट इथे संपत नाही. फ्रीझर जेवढी वीज घेतो तेवढी सगळी उष्णता होऊन खोलीत येते. असे पाच फ्रीझर एका खोलीत दाटीवाटीनं उभे असले, तर त्यांची धग बाहेर काढायलाच एक टनापेक्षा मोठा एसी अखंड चालवावा लागतो. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात तो एसी दमतो, खोली तापते, मग फ्रीझरचे कॉम्प्रेसर आणखी जोरात चालतात. त्यात मागच्या जाळीतला फिल्टर. तो दर दोन-तीन महिन्यांनी काढून धुवायचा असतो. कधी वर्षादोनवर्षांनी काढला तर त्यावर धुळीचा करड्या घोंगडीसारखा अख्खा थर सोलून निघतो आणि त्याआड कॉम्प्रेसर धापा टाकत असतो. फिल्टर धुवायला निधी लागत नाही, निविदा लागत नाही. कुणी धुवायचा ते ठरलेलं नसतं, एवढंच.

आता आतलं बघू. दार उघडलं की बर्फाची पांढरी वाफ अंगावर येते. कप्प्यांच्या कडांना बोटभर बर्फ साचलेला. पुठ्ठ्याच्या खोक्यांवर मार्करनं लिहिलेली नावं, त्यातली निम्मी पुसलेली. एखाद्या खोक्यावर नुसतं ‘सॅम्पल्स – इम्पॉर्टंट – डू नॉट थ्रो’. लिहिणारी मुलगी पीएच. डी. होऊन केव्हाच जर्मनीला गेली, तिचे गाइड निवृत्त झाले, आणि आत काय आहे हे आता कुणीही सांगू शकत नाही. फेकायचं धाडस अर्थात कुणाचंच होत नाही. मग जागा पुरत नाही म्हणून पुढच्या प्रकल्पात नवा फ्रीझर मागितला जातो. तो येतो. जुनाही चालूच राहतो, कारण तो डेडस्टॉक रजिस्टरवर आहे आणि निर्लेखन समितीची बैठक झालेली नाही.

उणे ८० हा आकडा तरी कुठून आला? यंत्राच्या पडद्यावर तो आलेला असतो, म्हणून तो पाळला जातो. पूर्वी या कामाला उणे ७०च पुरेसं मानत असत. यंत्रं आणखी थंड होऊ लागली तसा रिवाजही खाली सरकला. कोविडच्या काळात फायझरच्या लशीला उणे ७० अंश लागतात ही बातमी घरोघरी पोचली होती. ज्या तापमानात कोट्यवधी लोकांच्या दंडात टोचायची लस सुरक्षित मानली गेली, त्या तापमानात आपली प्रथिनं आणि जिवाणूंचे साठे बहुतेक वेळा सुखानं राहतात. नुसता शुद्ध डीएनए तर उणे २०लाही वर्षानुवर्षं टिकतो. उणे ८०वरून उणे ७०वर आलं की त्याच फ्रीझरची वीज पाव ते तिसऱ्या हिश्शानं कमी होते. एक बटण, दहा अंश, खर्च शून्य. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर आवारात २००९पासून चालणाऱ्या ‘ग्रीन लॅब्ज’ कार्यक्रमानं हेच सांगत राहण्याचं काम केलं, आणि उणे ७०ला कुणी काय किती वर्षं ठेवलं याची माहितीही जमवली.

यावर एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. प्राध्यापक म्हणतील, “साहेब, तिकडे वीज जात नाही. इथे रात्री गेली तर उणे ७०चा फ्रीझर लवकर तापेल.” लवकर तापेल हे बरोबर. पण भरलेला, बर्फ खरवडलेला, दाराचं रबर धड असलेला उणे ७०चा फ्रीझर बेवारस, रबर फाटलेल्या उणे ८०च्या फ्रीझरपेक्षा मला केव्हाही जास्त भरवशाचा वाटतो. वीज गेल्यावर नमुने वाचतात ते जनरेटरमुळे आणि रात्री फोन वाजवणाऱ्या अलार्ममुळे. दहा अंशांच्या शिलकीवर विसंबून झोपणं हे नियोजन नव्हे. ज्यांच्या नमुन्यांना खरोखर उणे ८० लागतात त्यांनी तसं कारणासह लिहून द्यावं, त्यांचा एक फ्रीझर तसाच राहू द्यावा. बाकीच्यांना सवलत का?

बेवारसपणाचा दुसरा नमुना रोज संध्याकाळी दिसतो. कुलूप लावायची वेळ झालेली असते. काचसामान वाळवायचा ओव्हन ११० अंशांवर चालू, आत दोन बीकर, तेही कोरडे ठणठणीत. शेकर हलतोय, त्यावर काहीच नाही. लॅमिनारचा पंखा चालू. परिचर विचारतो, “हे कुणाचं आहे?” हजर असलेली दोघंतिघं एकमेकांकडे बघतात. “दादा, असू दे, कुणाचं तरी लागलेलं असेल.” आणि ते असू दिलं जातं, रात्रभर, शनिवार-रविवारसुद्धा. यात परिचराचा दोष नाही. त्यानं बटण दाबलं आणि कुणाचा सहा महिन्यांचा प्रयोग बिघडला तर मेमो त्याला मिळणार. बंद केल्याबद्दल मेमो मिळू शकतो. विनाकारण चालू ठेवल्याबद्दल आजवर कुणाला मिळाल्याचं ऐकिवात नाही. मग शहाणा माणूस काय करेल?

यावरचा उपाय पाच रुपयांचा आहे. यंत्रावर रंगीत चिकटपट्टी. लाल म्हणजे हात लावू नका, हिरवी म्हणजे काम झालं की कुणीही बंद करा, पिवळी म्हणजे आधी विचारा, आणि पिवळीवर नाव, फोन नंबर आणि ‘अमुक तारखेपर्यंत’ एवढं लिहिलेलं. पेशी वाढत असलेला इन्क्युबेटर लाल. मास स्पेक्ट्रोमीटरही लाल, कारण त्याचा निर्वात एकदा मोडला तर परत यायला तासन्‌तास जातात. वॉटर बाथ, ओव्हन, हॉट प्लेट, रोटाव्हॅप ही सगळी हिरवी. जगभरच्या प्रयोगशाळांत ही युक्ती चालते, आपल्याकडेही काही हौशी प्राध्यापकांनी ती केलेली आहे. पण हौशी प्राध्यापक बदलून गेले की पट्ट्या वाळून गळून पडतात. ती विद्यापीठाची पद्धत झाली आणि पट्टीनुसार बटण दाबणाऱ्या परिचराच्या पाठीशी लेखी आदेश राहिला, तरच टिकेल. हा आदेश आपणच काढू शकता.

रसायनशास्त्राकडे वळतो. तिथला खादाड म्हणजे रसायनांच्या वाफा ओढून बाहेर टाकणारा फ्यूम हूड. साधा हिशेब करून पाहा. दीड मीटर रुंदीच्या हूडची काच सत्तर सेंटिमीटर वर असेल आणि हवा सेकंदाला अर्धा मीटर या नेहमीच्या वेगानं आत ओढली जात असेल, तर तासाला सुमारे १,९०० घनमीटर हवा छतावरून बाहेर जाते. आठ मीटर बाय सहा मीटरची, तीन मीटर उंचीची प्रयोगशाळा म्हणजे १४४ घनमीटर. एक हूड त्या खोलीतली सगळी हवा तासाला तेरा वेळा बाहेर फेकतो. खोलीत एसी असेल तर थंड केलेली हवा बाहेर आणि रस्त्यावरची तापलेली हवा आत, असा हा उद्योग दिवसभर चालतो.

हार्वर्डच्या रसायनशास्त्र विभागानं यावर ‘शट द सॅश’ नावाची स्पर्धा चालवली. सॅश म्हणजे हूडची वरखाली होणारी काच. काम नसताना काच खाली ओढायची, बस. कुठल्या गटाची काच किती उघडी राहते ते मोजायचं आणि लक्ष्य गाठणाऱ्यांना मेजवानी द्यायची. त्यातून वर्षाला दोन लाख डॉलरच्या आसपास बचत होत असे. हे वाचून आपण उद्याच ‘काच खाली ठेवा’ असे फलक छापायला दिलेत तर मात्र घाई होईल. तिकडच्या हूडना काच खाली आली की आपोआप हळू होणारे पंखे आहेत. आपल्याकडच्या बहुसंख्य हूडचा ब्लोअर एकाच वेगानं फिरतो. काच खाली असो वा वर, वीज जवळपास तेवढीच लागते. काच खाली ठेवायचीच, कारण फ्लास्क फुटला तर डोळे वाचतात. पण आपल्या हूडमध्ये बचत होईल ती काम संपल्यावर ब्लोअर बंद करण्यातून. आणि तो बंद करता येत नाही, कारण हूडमध्ये द्रावकांच्या वीस बाटल्या ठेवलेल्या असतात. हूडचं कपाट झालेलं असतं. द्रावकांसाठी वेगळं, हवा खेळणारं कपाट एकदा घ्या, की रात्री ब्लोअर बंद करायला हरकत घ्यायला कुणाला जागा उरणार नाही. नवी इमारत बांधताना मात्र काचेबरोबर वेग बदलणारे हूडच घ्यावेत. तिथे काटकसर केली तर ती तीस वर्षं महाग पडते.

पाण्याचंही बघा, कारण त्यात वीज दडलेली आहे. एक लिटर पाण्याची वाफ करायला पाऊण युनिटच्या आसपास वीज लागते. दोनदा ऊर्ध्वपातन करायचं म्हणजे दीड युनिट. शिवाय ती वाफ थंड करायला नळाचं दहा-पंधरा लिटर पाणी मोरीत जातं. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, त्या राज्यात बाटल्या विसळायच्या डी.डब्ल्यू.साठी, म्हणजे ऊर्ध्वपातित पाण्यासाठी, हा खेळ चालतो. विसळायला आरओचं पाणी पुरतं. आणि रात्रभर चालणाऱ्या रिफ्लक्सच्या कंडेन्सरला कितीतरी मुलं बादलीत कूलरचा छोटा पंप टाकून तेच पाणी फिरवतात. ही जुगाडू मुलं आपल्या विद्यापीठातही असतील. त्यांना शोधा, त्यांचं नाव फलकावर लावा.

आता थोडं कडू बोलतो. नॅकच्या मूल्यांकनात ऊर्जा संवर्धनाबद्दल विचारलेलं असतं: सौरऊर्जा, एलईडी दिवे, सेन्सर, हरित आणि ऊर्जा लेखापरीक्षण. म्हणून आपण एलईडी लावतो, त्यांचे फोटो काढतो, छतावर सौर पॅनेल बसवून मान्यवरांच्या हस्ते फीत कापतो. लेखापरीक्षण करणारी मंडळी येतात, ट्यूबलाइट मोजतात, चहा घेतात आणि अहवाल देऊन जातात. त्यांच्यापैकी कुणी फ्रीझरचं दार उघडून पाहिलेलं मला आठवत नाही. सौर पॅनेल हवेतच. पण छतावर मिळवलेली वीज खालच्या मजल्यावर कोरड्या बीकरांना रात्रभर तापवण्यात घालवायची असेल तर फीत कशाला कापायची? बचतीचं उद्घाटन होत नाही, हीच तिची अडचण आहे.

खरेदीतही असंच. घरचा फ्रीज घेताना आपण तारे मोजतो. मायनस एटी घेताना एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी बोली, एवढंच बघतो, तेही मार्चअखेरच्या घाईत. समजा एक फ्रीझर आठ लाखांचा आहे आणि दिवसाला २० युनिट खातो, दुसरा दहा लाखांचा आहे आणि १० युनिट खातो. दुसऱ्याचे वरचे दोन लाख साडेपाच वर्षांत वसूल होतात आणि त्यानंतरची सगळी वर्षं नफ्याची. पण खरेदीचे पैसे प्रकल्पाचे आणि बिलाचे पैसे विद्यापीठाचे. मग प्राध्यापकांनी स्वस्त यंत्र निवडलं तर त्यांना दोष कसा द्यायचा? निविदेच्या तांत्रिक अटींत ‘दिवसाला किती युनिट’ हा रकाना घाला आणि दहा वर्षांची वीज किमतीत धरून तुलना करा. आणि यंत्र घेण्याआधी शेजारच्या विभागात तेच धूळ खात नाही ना, हे पाहा. २०२० साली सुरू झालेलं ‘आय-स्टेम’ हे राष्ट्रीय पोर्टल यंत्रं वाटून वापरण्यासाठीच आहे.

परदेशात या कामाला आता शिस्त आली आहे. लंडनच्या यूसीएल विद्यापीठानं ‘लीफ’ ही चौकट तयार केली. तिच्यात प्रयोगशाळांना कांस्य, रौप्य, सुवर्ण अशी श्रेणी मिळते. वेलकम ट्रस्टसारखी निधी देणारी संस्था तर आता अशा प्रमाणपत्राची विचारणा करू लागली आहे. फ्रीझर आवरण्याची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धासुद्धा आहे, २०१७पासून चालणारी, तिला प्रवेशशुल्क नाही. आपल्या मुलांना स्पर्धा आवडतात. पण स्पर्धेआधी मोजमाप हवं, आणि ते सध्या नाही.

म्हणून माझी विनंती लहान आहे. येत्या १४ डिसेंबरला दिवे-पंख्यांचं परिपत्रक जरूर काढा, पण त्याबरोबर एका विज्ञान विभागाला वेगळा मीटर बसवा. हे काम काही हजार रुपयांत होतं. त्या विभागाचं महिन्याचं बिल रुपयांत आणि युनिटमध्ये त्याच्याच फलकावर लावायला सांगा. गेल्या वर्षीपेक्षा जेवढं वाचेल त्यातला अर्धा हिस्सा विभागाला परत द्या. रसायनं, काचसामान, मुलांचं परिषदेचं प्रवासभाडं, कशालाही वापरू दे. प्रत्येक फ्रीझरला एक जबाबदार प्राध्यापक नेमा आणि नाव दारावर लावा. विद्यार्थ्याला ‘नो ड्यूज’ देताना ग्रंथालयाच्या पुस्तकांबरोबर त्याची फ्रीझरमधली खोकीही विचारा. निर्लेखन समितीची बैठक वर्षातून दोनदा ठेवा. आणि हे सगळं ठरवणाऱ्या समितीत दोन प्राध्यापक कमी घेतलेत तरी चालेल, पण एक प्रयोगशाळा परिचर घ्या. कुठलं यंत्र कुणासाठी फुकट चालू आहे हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं, आणि ते त्याला आजवर कुणी विचारलेलं नाही.

फलकावरचं बिल पहिल्या महिन्यात कुणी वाचणार नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात विभागाच्या बैठकीत त्यावरून भांडण होईल: ओव्हन कुणाचा, हूड कुणाचा, जर्मनीला गेलेल्या मुलीचं खोकं कुणी सांभाळायचं. त्या बैठकीचं इतिवृत्त मागवून घ्या. पुढच्या वर्षीचं परिपत्रक त्यावरूनच लिहा.

आपला नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक